पुण्यातल्या फौजदारी वकिलांना खुलं पत्र: पहिल्याच दिवशी एक कागद द्या

शिवाजीनगर कोर्टात, तसंच लष्कर, खडकी, पिंपरी अशा सगळ्या कोर्टांत फौजदारी कामं बघणाऱ्या वकील साहेबांना आणि वकील मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीची नाही. कायद्याचं शिक्षण नाही, एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघते आणि वडगाव बुद्रुकला राहते. माझ्या धाकट्या भावावर मारामारीची एक केस चालू आहे. चूक कुणाची हे मी इथे लिहिणार नाही, ते कोर्ट ठरवेल. मला बोलायचंय ते तारखांबद्दल आणि एका कागदाबद्दल, आणि तुमच्याशीच बोलायचंय कारण ही गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातातली आहे, त्यासाठी नवा कायदा लागत नाही, जीआर लागत नाही, कुणाची परवानगी पण लागत नाही.

2024 च्या गणपतीच्या आधीचा आठवडा होता. मंडपाचे बांबू टाकायचे म्हणून गाड्या हलवायला लावल्या, त्यावरून दोन पोरांची बाचाबाची, मग चार पोरं, मग एकाचं मनगट मोडलं. रात्री साडेअकराला फोन आला की भावाला उचललंय. मी, आई आणि मामा रिक्षा करून पोलीस स्टेशनला गेलो. त्या रात्रीचं मला सगळ्यात स्पष्ट काय आठवतं तर टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला एक तक्ता, एका बाजूला जुन्या आयपीसीची कलमं आणि दुसऱ्या बाजूला नव्या भारतीय न्याय संहितेची, कारण नवे कायदे 1 जुलैपासून लागू झाले होते आणि पोलिसांनाही अजून सवय झाली नव्हती, हवालदार त्या तक्त्यावर बोट फिरवत कलम शोधत होते आणि आई नुसती त्या बोटाकडे बघत होती. कलम अजामीनपात्र निघालं.

वकील कसा शोधला असं लोक आता विचारतात तेव्हा मला सांगता येत नाही, कारण आम्ही शोधलाच नाही. गेटच्या बाहेर एक माणूस उभा होता, त्यानं आपणहून विचारलं काय झालं म्हणून, एक नंबर दिला आणि म्हणाला साहेब आपले खास आहेत, उद्या कोर्टातूनच पोराला घरी घेऊन जाल. साडेबारा वाजून गेलेले, आईचं बीपी वाढलेलं, कोण चौकशी करत बसणार. सकाळी 25 हजार रोख दिले. पावती मागायची असते हे डोक्यातच आलं नाही, आणि आलं असतं तरी धीर झाला नसता, ज्याच्या हातात आपला माणूस आहे त्याच्याकडे पावती कशी मागायची. मग दोन दिवस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, त्यानंतर एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि गणपती बसले त्या दिवशी भाऊ येरवड्यात होता. आईनं मूर्ती बसवली, पण मोदक केले नाहीत. पुढच्या आठवड्यात जामीन झाला. मामा जामीनदार राहिले, पगाराची स्लिप आणि घरपट्टीची पावती जोडून.

ज्या गोष्टी मला फार उशिरा कळल्या त्या इथे लिहून ठेवते, कुणाला तरी अशाच रात्री उपयोगी पडतील. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या कलम 12 प्रमाणे बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, कोठडीतल्या माणसाचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. 15100 हा हेल्पलाइन नंबर आहे. आता आरोपींसाठी लोकअभिरक्षक म्हणून वेगळे वकीलच नेमलेत, ते खाजगी केसेस घेत नाहीत, हेच काम करतात. हे मला त्या रात्री माहीत असतं तरी मी कदाचित गेले नसते, कारण मनात हेच होतं की फुकटचा वकील म्हणजे काम पण तसंच. पुढे मी रिमांडच्या कोर्टात मागे बसून एक मोफत वकील बघितला, तरुण मुलगा होता, आरोपीला अटकेची कारणं लेखी दिली का एवढा एकच मुद्दा त्यानं असा लावून धरला की कोर्टानं आयओंना, म्हणजे तपास अधिकाऱ्यांना, पुढे बोलावून विचारलं. तेव्हापासून मी तसं म्हणणं सोडून दिलं.

तुमचा एक नियम मला आता पाठ झालाय, बार कौन्सिलचा नियम 36, वकिलानं स्वतःची जाहिरात करायची नाही. जुलै 2024 मध्ये मद्रास हायकोर्टानं तर वकिलांना स्टार रेटिंग देऊन दर लावणाऱ्या साइट्सवर कारवाई करा असंही सांगितलं. मला हा नियम पटतो, माझ्या भावाची सुटका हॉटेलसारखी साडेचार स्टार बघून ठरवायची नाहीये मला. पण त्याचा परिणाम काय होतो ते तुम्ही बघा. चांगला वकील जाहिरात करत नाही, गप्प आपलं काम करतो, आणि सामान्य माणसाला दिसतो तो फक्त गेटवरचा माणूस. वकील कायद्यात 2023 च्या दुरुस्तीनं दलालांविरुद्ध वेगळं कलम आलंय, जिल्हा न्यायाधीशांना अशा लोकांची यादी लावायचा अधिकार आहे, म्हणजे कायद्यालाही हे माहितीये की असा माणूस गेटवर उभा असतो. तुम्हाला तर त्यांची तोंडं पाठ असतील.

पण माझी खरी तक्रार त्या रात्रीची नाहीये. घाबरलेलो होतो, चूक झाली, पैसे गेले, ठीक आहे. तक्रार आहे ती पुढच्या दहा महिन्यांची.

जामीन झाल्यावर आम्ही विचारलं पुढे काय, तर उत्तर मिळालं चार्जशीट आलं की कळवतो. जानेवारीत चार्जशीट आलं असेल, आम्हाला कळवलं नाही. आम्ही महिन्यातून एकदा फोन करायचो, कधी उचलायचे कधी नाही, उचलला की म्हणायचे पोराला उगाच कामावरून सुट्टी घ्यायला लावू नका, मी हजेरी माफीचा अर्ज देतो, तारखेचं मी बघतो. आम्हाला बरंच वाटायचं. भाऊ डिलिव्हरीचं काम करतो, एक दिवस गेला की त्या दिवसाचे पैसे गेले. जुलैच्या एका सकाळी सात वाजता दारात पोलीस. अजामीनपात्र वॉरंट. आई दुधाची पिशवी हातात धरून तशीच दारात उभी राहिली, भाऊ आत दात घासत होता. आणि दोनच दिवसांत मामांच्या घरी नोटीस, की तुम्ही जामीनदार आहात, आरोपी हजर राहत नाही, तर जामिनाची रक्कम तुमच्याकडून का वसूल करू नये याचा खुलासा करा. मामा रिटायरमेंटला आले होते. ते दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं मी चुकलं म्हणणार नाही.

त्या दिवशी ऑफिसमधल्या एका मुलीनं मला ई-कोर्ट्सचं ॲप दाखवलं. पोलीस स्टेशन निवडायचं, एफआयआरचा नंबर आणि वर्ष टाकायचं, बस. आमची केस समोर आली. आरसीसी नंबर म्हणजे कोर्टातला केस नंबर, 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, कुठलं कोर्ट, आणि खाली सगळ्या तारखा ओळीनं. तारखेवर दाबलं की त्या दिवशी काय झालं तेही उघडतं. मी एकेक उघडत गेले. आरोपी गैरहजर, वकील गैरहजर. पुढची तारीख, आरोपी गैरहजर, वकील गैरहजर. त्याच्या पुढची, तेच. मग समन्स, मग वॉरंट काढा. हे सगळं पाच महिने माझ्याच मोबाइलमध्ये, म्हणजे एक ॲप डाउनलोड करायच्या अंतरावर होतं आणि मला कुणी सांगितलं नाही. माफीचा एकही अर्ज त्यात नव्हता. मी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ते परत परत वाचत बसले होते, अकाउंट्सच्या बाईला एंट्री वाचता येतात हो, फक्त वही कुठे आहे ते सांगायला लागतं.

वकील बदलायचं ठरवलं तर नवीन अडचण. एनओसी देणार नाही, कागद देणार नाही, अजून 15 हजार बाकी आहेत म्हणे. कसली बाकी ते लिहून द्या म्हटलं तर ते पण नाही. पुढे मला कळलं की फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं हे 2000 सालीच स्पष्ट सांगितलंय, फीसाठी वेगळा दावा करा पण फाइल द्या. आणि एनओसी मिळालीच नाही तर कोर्टाच्या परवानगीनं नवीन वकीलपत्र दाखल करता येतं, चार्जशीटची कॉपी पण कोर्टातून नक्कल अर्ज करून मिळते. हे माहीत नसल्यामुळे माझ्या ओळखीतला एक माणूस तीन वर्षं त्याच वकिलाकडे अडकून बसलाय. ग्राहक मंचात जावं म्हटलं तर तो रस्ता पण नाही, मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. राहिली बार कौन्सिलकडे तक्रार. ती करता येते, पण ज्याच्या घरावर वॉरंट आलंय तो आधी वॉरंट रद्द करायला पळणार की तक्रारीचे कागद करत बसणार? म्हणून तर म्हणते की ही गोष्ट तुम्हीच आपसात मनावर घेतली पाहिजे, कारण बाकीच्या सगळ्या वाटा बंद तरी आहेत नाहीतर लांबच्या आहेत.

दुसऱ्या वेळी मात्र मी वकील शोधला. माझ्या मैत्रिणीची मावशी कोर्टात टायपिस्ट होती पूर्वी, तिनं सांगितलं की कुणाला विचारू नकोस, दोन दिवस रजा टाक आणि कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस. मला माहीतच नव्हतं की असं कुणालाही बसता येतं. कोर्ट खुलं असतं, काही नाजूक केसेस सोडल्या तर कुणीही जाऊन ऐकू शकतं, मोबाइल बंद ठेवायचा आणि गप्प बसायचं. मी मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरून साडेदहाला जाऊन बसले. आणि खरं सांगते, दोन दिवसांत जे कळलं ते दोनशे लोकांना विचारून कळलं नसतं. पट्टेवाल्यानं पुकारा केल्यावर कोण लगेच उभं राहतं, कुणाचा ज्युनिअर धापा टाकत येऊन म्हणतो की सिनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत, थोडा वेळ द्या, कुणाच्या फाइलला खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात, कोण साक्षीदाराला प्रश्न विचारताना पान न उलटता तारीख सांगतं, कोण बाहेर आल्यावर पक्षकाराशी थांबून बोलतं आणि कोण चालता चालता. मला शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली. एक मॅडम होत्या पन्नाशीच्या, त्या बाहेर येऊन त्यांच्या पक्षकाराला, एक म्हातारे आजोबा होते, त्यांना बाकावर बसवून स्वतः शेजारी बसून सांगत होत्या की आज काय झालं. आवाज न चढवता, मराठीत. मी तिथेच ठरवलं.

त्यांच्या ऑफिसात गेल्यावर त्यांनी आधी माझ्याकडचं सगळं ऐकून घेतलं, मग लग्नपत्रिकेच्या पाकिटाचा अर्धा कागद फाडला आणि त्यावर लिहायला घेतलं. तो कागद आजही आमच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. वर केस नंबर आणि सीएनआर. त्याखाली कोर्ट कुठलं. त्याखाली पुढची तारीख आणि कशासाठी, म्हणजे "वॉरंट रद्द, आरोपी हजर पाहिजे, सकाळी 10.30." त्याखाली फी, वॉरंट रद्दच्या अर्जाचे किती, केस चालवायचे किती आणि ते कुठल्या टप्प्याला किती, टायपिंग-झेरॉक्सचे वेगळे. आणि शेवटी एक ओळ, "हायकोर्टात जावं लागलं तर ती फी वेगळी, तो वकील मुंबईचा." कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच सुरू झालं पण त्यात पुणे नाही, आपल्याला अजून मुंबईच. ही ओळ त्यांनी आधीच लिहिली म्हणून मला त्यांच्यावर विश्वास बसला, जी गोष्ट सांगून अशिल निघून जाऊ शकतो ती गोष्ट त्यांनी पहिल्या दिवशी सांगितली. निकालाचं काय म्हणून आईनं विचारलं तर म्हणाल्या, आजी, ते मी सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून उठून या. आणि अमुक साहेबांना सांगून ठेवतो असं म्हणणारा भेटला तर चप्पल घालायला पण थांबू नका.

माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. हा अर्धा कागद. प्रत्येक पक्षकाराला, वकीलपत्रावर सही घेतो त्याच दिवशी. केस नंबर नसेल तर एफआयआर नंबर. पुढची तारीख, कशासाठी, आरोपीनं यायचं की नाही. घेतलेले पैसे आणि कशाचे. खाली तुमचा सनद नंबर. आणि प्रत्येक तारखेनंतर व्हॉट्सअपवर एक ओळ, आज काय झालं आणि पुढची तारीख कधी. पक्षकाराच्या पैशाचा हिशोब ठेवायचा हे बार कौन्सिलच्या नियमांत आधीपासून आहेच, मी काही नवीन मागत नाहीये.

तुम्ही म्हणाल वेळ कुठे आहे, दिवसाला वीस-वीस मॅटर बोर्डावर असतात. मी बघितलंय ते. तुमच्या ज्युनिअर मुलामुलींची धावपळ पण बघितली, एक मुलगी एकाच वेळी तीन कोर्टांत पुकारा होईल म्हणून जिन्यात उभं राहून तिन्हीकडे कान लावून होती, दुपारी तीनपर्यंत तिनं पाणी प्यायलेलं मी बघितलं नाही. मला त्या मुलांबद्दल वाईट वाटतं आणि त्यांच्या कष्टाला कमी लेखायची माझी इच्छा नाही. पण कागद लिहायला चार मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होते. आणि त्या चार मिनिटांनी तुमचेच पन्नास फोन वाचतील, कारण पक्षकार सारखा फोन करतो तो त्रास द्यायला नाही करत, त्याला माहीत नसतं म्हणून करतो. तारीख फ्रिजवर दिसत असली की माणूस फोन करत नाही.

काही वकील मंडळी म्हणतात की पक्षकाराला ॲप दाखवलं की तो डोकं खातो, रोजनाम्यातल्या शब्दाशब्दाचा अर्थ विचारतो. विचारू दे की. त्याच्या आयुष्याची केस आहे. पुण्यात ज्या मोठ्या केसेस झाल्या त्या आपण सगळ्यांनी घरबसल्या टप्प्याटप्प्यानं वाचल्यात. डॉ. दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला झाला, आरोपनिश्चिती व्हायला 2021 उजाडलं आणि निकाल आला 10 मे 2024 ला, दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. साक्षीदार कोण तपासला, उलटतपास कुणाचा झाला, सगळं पेपरात यायचं. त्यानंतर नऊच दिवसांनी कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण जीव गेले आणि 300 शब्दांच्या निबंधाची अट घालून जामीन झाल्याचं दुसऱ्या दिवशी शहरातल्या पोराटोरांना माहीत होतं. कारण तिथे बातमीदार बसलेले असतात. आमच्या आरसीसीला कुठला बातमीदार येणार? आमचे बातमीदार तुम्हीच, दुसरं कुणी नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे पत्र लिहायला बसले ती सांगते. वॉरंट रद्द झालं, थोडा दंड भरला, त्यानंतरच्या तारखेला मी आणि भाऊ कोर्टहॉलच्या बाहेर बाकावर बसलो होतो. बाजूला एक बाई येऊन बसल्या, साठीच्या आसपास, हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. बराच वेळ त्या दाराकडे बघत होत्या, मग मला म्हणाल्या, "ताई, आज काय आहे हो? मला पोलिसांनी फोन करून बोलावलं होतं मागं, आज तारीख आहे असं कुणीतरी सांगितलं, पण काय आहे ते माहीत नाही." मी कुठली केस म्हणून विचारलं आणि त्यांनी प्लास्टिक सोडून कागद दाखवला. आमचाच एफआयआर नंबर. ज्या मुलाचं मनगट मोडलं त्याची ती आई. भावानं मान खाली घातली. मी त्यांना फक्त भिंतीवरचा बोर्ड दाखवला, कितवा नंबर आहे तो सांगितला आणि उठून लांब जाऊन उभी राहिले. आमच्या मॅडमनी बजावून ठेवलंय की समोरच्या पार्टीशी केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, जामिनाच्या अटीत साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही असं आहे, उद्या त्याचा वेगळाच अर्थ निघेल. बरोबर आहे त्यांचं. पण म्हणजे त्या बाईंना सांगणारं त्या पूर्ण व्हरांड्यात कुणीच नव्हतं, माझ्याकडे तारीख होती, फ्रिजवर कागद होता आणि मी ते सांगू शकत नव्हते.

फिर्यादीला वाटतं सरकारी वकील आपले आहेत, ते बघतील. ते बघतात पण त्यांच्या टेबलावर त्या दिवसाच्या तीस फायली असतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पीडिताला बरंच काही दिलंय, एफआयआरची कॉपी फुकट, तपास कुठवर आला ते 90 दिवसांत पोलिसांनी कळवायचं, केस मागे घ्यायची असेल तर आधी पीडिताचं ऐकायचं, आणि पीडिताला स्वतःचा वकील लावून सरकारी वकिलांना मदत करता येते, वकील लावलेला असेल तर चार्जशीटची कॉपी पण मिळते. त्या बाईंना यातलं काही माहीत असेल असं मला वाटत नाही. त्या बाई आहेत, म्हणजे कलम 12 मध्ये त्यांना मोफत वकील मिळू शकतो, हे पण मी त्यांना सांगू शकत नव्हते. आरोपीची बहीण सांगतेय म्हटल्यावर त्यांनी ते ऐकलं तरी असतं का. तुमच्यातल्या कुणी जाता-येता त्यांना विचारलं असतं की आजी कुणाची वाट बघताय, तर पाच मिनिटांचं काम होतं. तुम्हाला कोर्टाचा प्रत्येक दरवाजा माहीत आहे.

म्हणून अजून एक सांगते, मघाशी एवढंच म्हटलं होतं पण हे राहू देत नाही. तुमच्या बार असोसिएशननं कोर्टाच्या आवारात एक टेबल टाकावं, रोज दोन ज्युनिअर आळीपाळीनं. केस घ्यायची नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त एफआयआर नंबर विचारायचा आणि ॲपवर बघून त्या माणसाला केस नंबर, कोर्ट आणि तारीख कागदावर लिहून द्यायची, आणि मोफत वकिलाचं ऑफिस कुठे आहे तिकडे बोट दाखवायचं. जाहिरातीचा नियम मोडत नाही, कुणाचं अशिल पळवलं जात नाही. गेटवरच्या माणसाच्या आधी लोकांना ते टेबल दिसलं पाहिजे. हे कुठे आधीच चालू असेल तर त्याची पाटी मोठी करा, मराठीत, आणि दारातच लावा.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं आमच्या आजीपासून सगळे सांगत आले. पण पायरी चढायची वेळ विचारून येत नाही, ती मंडपाच्या बांबूवरून पण येते. आणि चढल्यावर पहिला जो माणूस भेटतो तो वकील असतो, आम्ही त्याच्या हातात घरातलं माणूस देतो, अगदी डॉक्टरच्या हातात देतो तसंच. डॉक्टर निदान केसपेपर देतो.

आमची पुढची तारीख 17 ला आहे. फिर्यादीची साक्ष, म्हणजे त्या बाईंचा मुलगा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहणार, आधी सरकारी वकील त्याचा सरतपास घेणार आणि मग आमच्या मॅडम त्याची उलटतपासणी घेणार. भावानं रजा टाकलीये, मामा पण येणार आहेत, आता बोलतात आमच्याशी. आम्ही सव्वादहाला बाकावर असू. त्या मावशींना ही तारीख आणि त्या दिवशी काय आहे ते तोवर कुणीतरी लिहून दिलेलं असावं, तुमच्यापैकी कुणीतरी.

तुमची,
एक पक्षकार (खरं तर पक्षकाराची बहीण)
वडगाव बुद्रुक, पुणे